डावा पाय

“सोडा… सोडा… अजून थोडा. हां, थांबा. पाय तिथंच राहू द्या. थरथरली का गाडी? तिला काहीतरी सांगायचंय, ते ऐकून घ्या. आता रेस द्या.”

लेण्यांकडे जाणाऱ्या चढावर पांढरी गाडी मधेच थांबली होती. मागच्या काचेवर ‘औताडे मोटार ड्रायव्हिंग स्कूल, छावणी’ अशी अक्षरं होती. स्टिअरिंगवर मालनबाई साळवे बसल्या होत्या, घाटी रुग्णालयातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या स्टाफ नर्स. शेजारी त्यांना शिकवणारे बद्रीनाथ औताडे. आणि मागच्या सीटवर मालनबाईंचे यजमान सखाराम, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. साखरेनं त्यांच्या डोळ्यांत आता उजेड आणि अंधार एवढंच शिल्लक ठेवलं होतं. तोंडाला मात्र तिनं हात लावलेला नव्हता.

गाडी थरथरली, जराशी दबली, आणि बोटभरही मागे न येता वर चढली.

“चढली,” मालनबाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

“मग? मी काय सांगत होतो, सिस्टर,” बद्रीनाथ म्हणाले.

“इथं रोजच चढती,” मागून सखाराम बोलले. “तिथं गेली की उतरती. ह्या चढाची अन् तुमची जुनी वळख दिसती, मास्तर. तिथल्या चढाला वशिला लागत नाय.”

‘तिथं’ म्हणजे लायसनच्या परीक्षेच्या नव्या ट्रॅकवर. पूर्वी परीक्षेच्या वेळी साहेब मागच्या सीटवर बसायचे आणि शेजारची जागा शिकवणाऱ्याची असायची. आता गाडीत उमेदवार एकटा असतो. बाकी सगळं कॅमेरे बघतात. चढावर गाडी वीतभर मागे आली की खांबावरची पेटी ‘टीं टीं’ वाजते. पेटी वाजली की माणूस नापास. साहेबांना निदान नमस्कार तरी करता यायचा. पेटीला कोणत्या तोंडानं काय सांगणार?

मालनबाई दोनदा नापास झाल्या होत्या. पहिल्यांदा तर त्यांची पेटी वाजलीच नव्हती, शेजारच्या ट्रॅकवरची वाजली. पण चौतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला कुठंही ‘टीं टीं’ झालं की हातातलं सोडून तिकडं बघायची सवय. त्यांनी क्लच सोडला, स्टिअरिंग सोडलं, आणि कोणत्या पेशंटचं काय झालं ते बघायला मान वळवली. मग त्यांचीही पेटी वाजली. दुसऱ्यांदा मात्र आजूबाजूला सगळं शांत होतं, मान सरळ होती, आणि तरीही गाडी आपली निवांत मागे आली. का आली, ते मालनबाईंना कळलं नाही आणि बद्रीनाथांनाही सांगता आलं नाही.

तिसरी तारीख सत्तावीसची होती. अठ्ठावीसला लर्निंग लायसनचे सहा महिने संपत होते, म्हणजे मग पहिल्यापासून सगळं. आणि तेवढा वेळ साळव्यांच्या घराकडे नव्हता. सखारामांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असे, जालना रोडवरच्या हॉस्पिटलात. जाताना माणूस गप्पा मारत जायचा आणि येताना पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखा यायचा. रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नव्हते. म्हणून मुलानं, प्रणयनं, पुण्याहून विजेवर चालणारी गाडी घेऊन दिली. भावसिंगपुऱ्यातल्या घराच्या अंगणात चार्जिंगची पेटी बसवून दिली. चालवायला माणूस तेवढा त्याला पाठवता आला नाही. तो भार शेजारच्या बुद्धभूषणनं वर्षभर उचलला. आता बुद्धभूषणला बिडकीनला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. एक तारखेपासून त्याची पहिली पाळी.

अंगणात विजेची गाडी उभी असताना मालनबाई पेट्रोलच्या गाडीवर का शिकत होत्या, हे विचारणारे बरेच होते. त्याचं उत्तर बद्रीनाथांनी पहिल्याच दिवशी देऊन टाकलं होतं. त्या गाडीला ना क्लच, ना गिअर. क्लच न शिकता गाडी शिकणं म्हणजे काठावर बसून पोहणं. आधी क्लच, मग जगातली कोणतीही गाडी. मालनबाईंच्या नोकरीत वरिष्ठांनी सांगितलं की विषय संपायचा. त्यांनी मान डोलावली, आणि पाच महिने डोलावत राहिल्या.

बद्रीनाथांचा क्लचवर एवढा जीव असण्याला कारण होतं. छावणीच्या बाजारात मिठाईवाला आणि टेलर यांच्या मधल्या गाळ्यात त्यांचं ऑफिस होतं. रस्त्यावरच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, एक टेबल, आणि कपाटात चौतीस वर्षांची रजिस्टरं. नाव, गाव, तारीख आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. बाकीचे शिकवणारे तिथं ‘पास’ लिहून मोकळे व्हायचे. बद्रीनाथ तिथं माणूस लिहायचे.

त्यांचं म्हणणं असं, की उजवा पाय सगळ्यांचा सारखाच, त्याला पुढं जायची घाई. माणूस कळतो तो डाव्या पायावरून. कुणी काय धरून ठेवतो आणि ते कसं सोडतो, हे तोंड लपवतं, क्लच लपवत नाही. अजिंठ्याच्या एका गाईडपुढे शेरा होता: ‘क्लच सोडताना बोलतो. बोलणं बंद केलं की गाडी बंद.’ कचेरीतल्या काकासाहेबांपुढे: ‘सारखा क्लचवर पाय. गाडी पुढे जाऊ देत नाहीत, बंदही पडू देत नाहीत. निवृत्तीपर्यंत असंच.’ रत्नमाला नावाच्या नव्या नवरीचा क्लच एकटी असली की लोण्यासारखा आणि नवरा शेजारी बसला की झटक्याचा, अशी नोंद होती. तात्यासाहेब म्हणून एक पुढारी होते, त्यांच्यापुढे फक्त ‘हॉर्न’ एवढंच लिहिलं होतं. या शेऱ्यांवरून बद्रीनाथांनी आजवर दोन सोयरिकी जुळवल्या होत्या आणि एक मोडली होती. तिन्ही निर्णय बरोबर निघाले, असं ते सांगत. मोडलेली सोयरीक बरोबर होती हे कसं कळलं, असं मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मालनबाईंच्या नावापुढे लिहिलेलं होतं: ‘सुई काढल्यासारखा पाय काढतात.’ ते खरंच होतं. सुई हळूहळू काढली तर पेशंटला दुखतं, म्हणून ती एका दमात काढायची, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. क्लचही त्या तसाच सोडायच्या, एका दमात आणि फार मायेनं. गाडी आचके देऊन बंद पडायची. मग बद्रीनाथांनी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं, की सिस्टर, ही सुई नाही, सलाईन आहे, थेंब-थेंब सोडायचं. त्या दिवसापासून सुधारणा झाली, असं बद्रीनाथांचं मत होतं.

अलीकडे मात्र फोन यायचे ते वेगळेच. “ऑटोमॅटिक आहे का?” असं पहिलं वाक्य. नाही म्हटलं की दुसरं वाक्य नसायचंच. सिडकोत एक नवं स्कूल निघालं होतं, तिथं थंडगार हॉलमध्ये पडद्यासमोर बसवून शिकवायचे आणि दहा दिवसांत विजेच्या गाडीवर माणूस तयार करायचे. डाव्या पायाला कामच नाही. बद्रीनाथांना त्या स्कूलच्या धंद्याचं तेवढं वाटत नव्हतं. त्यांना प्रश्न पडायचा, की ते लोक शेऱ्याच्या रकान्यात लिहीत काय असतील?

त्यांची मुलगी सायली हीच आता बायकांच्या सकाळच्या तुकड्या बघायची; मालनबाईंसारखी अवघड माणसं तेवढी बद्रीनाथांकडे असत. तिच्याकडेही शिकवण्याचा परवाना होता. दिवाळीपासून ती म्हणत होती, आपणही एक विजेची गाडी घेऊ. बद्रीनाथ ‘बघू’ म्हणायचे. त्यांच्या घरात ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

त्या दिवशी लेण्यांच्या चढावरून ते ऑफिसात परतले, तेव्हा सायली वर्षाचं रजिस्टर उघडून बसली होती. नव्या ट्रॅकवर चढाला किती जण नापास झाले, ते तिनं काढलं होतं. अकरा. त्यांतले दोन तिचे आणि नऊ तिच्या वडिलांचे.

बद्रीनाथ खुर्ची ओढत म्हणाले, की अवघड माणसं माझ्याकडं येतात, सोपी तुझ्याकडं जातात, हिशोब बरोबर आहे.

सायली हसली नाही. “पप्पा, गाडीतली क्लचची रबरं बघितलीत का तुम्ही? दोन्ही बाजूंची?”

“त्यात काय बघायचंय?”

“शिकणाऱ्याच्या बाजूचं अजून दाणेदार आहे. तुमच्या बाजूचं गुळगुळीत झालंय.” ती जरा थांबली. “सिस्टर चढ चढत नाहीत, पप्पा. तुम्ही चढवता.”

बद्रीनाथांनी चहा मागवला, तो आला, आणि तो न पिताच ते उठून बाहेर गाडीपाशी गेले. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, अडीअडचणीला म्हणून. त्यांनी दार उघडलं, वाकून हात लावला. त्यांच्या बाजूच्या क्लचचं रबर नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत लागलं. शिकणाऱ्याच्या बाजूला हात लावला, तर बोटांना रेघा लागल्या.

आपण जाणूनबुजून कधी कुणाला मदत केली नाही, हे ते कुणाच्याही शपथेवर सांगू शकले असते. ते तोंडानं ‘सोडा, सोडा’ म्हणत होते आणि त्यांचा पाय आपला आपण खाली जात होता. समोरचा जेवढं चुकेल तेवढं भरून काढत होता. चौतीस वर्षं. शेजारच्या जागेवर ते बसलेले असायचे तोवर परीक्षेतही सगळे चढ चढायचे. आता गाडीत माणूस एकटा असतो, आणि चढ पहिल्यांदा त्याच्या वाट्याला येतो. चार हजारांहून जास्त लोक आपल्या हाताखालून गेले. त्यांतल्या कितींच्या डाव्या पायाचे आपण शेरे लिहिले आणि कितींच्या नावावर आपल्याच पायाचे, हे आता कोणत्या रजिस्टरात शोधायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्यांच्या चढावर गाडी थांबली, तेव्हा बद्रीनाथांनी डावी चप्पल काढली आणि पाय सीटवर मुडपून घेतला, अर्धी मांडी घातल्यासारखा.

“पायाला काय झालं सर?” मालनबाईंनी विचारलं.

“काय नाय. घ्या तुम्ही.”

मालनबाईंनी घेतली. रोज घ्यायच्या तशीच. गाडी थरथरलीही नाही, सरळ मागे निघाली. बद्रीनाथांनी हँडब्रेक ओढला. पुन्हा घ्यायला सांगितलं. पुन्हा हँडब्रेक. तिसऱ्यांदा गाडी बंदच पडली. मागून एक दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवून शेजारून निघून गेला.

सखाराम आज काही बोलले नाहीत, हे दोघांच्याही लक्षात आलं.

“सिस्टर,” बद्रीनाथ समोर बघत म्हणाले, “इतके दिवस चढावर तुम्ही नव्हत्या. मी होतो. मलाच ठाऊक नव्हतं.” आणि त्यांनी आपल्या पायाशी असलेल्या पेडलांकडे नुसतं बोट केलं.

मालनबाईंनी वाकून तिकडे बघितलं. मग दोन्ही हात परत स्टिअरिंगवर नीट ठेवले. रागावल्या असत्या तर बद्रीनाथांना बरं वाटलं असतं.

“ऑक्सिजन काढल्याबिगर पेशंट स्वतः किती दम धरतो ते कळत नाही, सर,” त्या म्हणाल्या. “काढलात ते बरं केलं. आता एक विचारते. सत्तावीसला चार दिवस राहिले. चार दिवसांत येईल का मला हा क्लच? नातेवाइकांना सांगतात तसं नका सांगू. खरं सांगा.”

बद्रीनाथांनी मुडपलेला पाय खाली घेतला. चप्पल चाचपली. ती सापडायला जरा वेळ लागला.

“नाय येणार,” ते म्हणाले.

मग स्वतःच गाडी वळवून घेतली आणि भावसिंगपुऱ्याच्या वाटेला लावली. घरासमोर उतरताना ते म्हणाले, “तुमची गाडी काढा. परीक्षा तिच्यावरही देता येते. पण आधी मी चालवून बघतो. शिकवणाऱ्याला ठाऊक पाहिजे.”

सखारामांना मागच्या सीटवर बसवलं गेलं. त्यांच्या हातात नेहमीची बाटली होती. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून असतं. दिवसाचं पाणी मालनबाई सकाळीच त्या बाटलीत भरून देत, आणि सखाराम ती दिवसभर जपून वापरत. बद्रीनाथ ड्रायव्हरच्या जागेवर बसले. सीट पुढं घेतलं, आरसे लावले, मान आरशाकडे नेऊन परत आणली, विद्यार्थ्याला सांगतात तसं सगळं केलं. मालनबाईंनी बाजूला बसून एक बटण दाबलं. काहीच झालं नाही.

“चालू करा की सिस्टर.”

“चालू हाय, सर.”

त्यांनी कान दिला. अंगणातल्या लिंबाच्या झाडावरचा कावळा ऐकू आला, शेजारच्या घरातली शिट्टी ऐकू आली. गाडीचा म्हणून काही आवाज नव्हता. उजवा पाय हळूच दाबला, तर घर मागं सरकायला लागलं. गल्लीच्या तोंडापर्यंत सगळं छान झालं. इतकं छान, की बद्रीनाथांच्या मनात येऊन गेलं, यात शिकवायचं तरी काय?

गल्लीच्या तोंडाशी वळण होतं. वळणावर गिअर कमी करायचा, आणि त्याआधी क्लच दाबायचा. चार हजार वेळा सांगितलेलं. बद्रीनाथांचा डावा पाय उचलला गेला, जिथं क्लच असायचा तिथं गेला, आणि एसटीचा असावा तसा खालपर्यंत दाबला गेला. तिथं क्लच नव्हता. तिथं होता तो ब्रेकचा रुंद पत्रा.

गाडी खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी थांबली. मालनबाईंचे दोन्ही हात समोर टेकले. बद्रीनाथांचं कपाळ आरशाला लागलं. मागे काहीतरी घरंगळलं आणि मग पाणी सांडल्याचा आवाज आला.

कोपऱ्यावरच्या पानटपरीवरची दोन माणसं गाडीवरची पाटी मोठ्यानं वाचत होती. निघण्याआधी बद्रीनाथांनी आपल्या गाडीच्या टपावरची ‘औताडे मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ची पाटी काढून हिच्यावर लावली होती.

“मास्तर,” सखाराम म्हणाले, “आजचं माझं सगळं पाणी गेलं. बाटली अक्षी भरलेली व्हती.”

“अर्धी होती,” मालनबाई मागे न बघताच म्हणाल्या.

“आंधळ्याची बाटली, दुसऱ्यानं मोजायची. बरं, अर्धी तर अर्धी. पण सांडलेलं मोजणीत धरायचं नाय, सिस्टर.” आणि मग थोडं थांबून, अगदी सहज, “माझा पण असाच गेला असता, मास्तर. कन्नडचा घाट एकवीस वर्षं केला मी. गुडघा गेला, पण पाय रात्री झोपेत अजून दाबतो. हिला विचारा, लाथा बसत्यात.”

बद्रीनाथांचे कान तापले होते. ज्या चुकीसाठी ते पोरांना गाडीतून उतरवून चार फेऱ्या चालत मारायला लावत, तीच चूक. त्यांनी पाय काढून घेतला, तर तो कुठं ठेवायचा ते कळेना.

“मागं घ्या सर, सीटच्या खाली,” मालनबाई म्हणाल्या. आवाज वॉर्डातला होता, हळू पण ज्याला उलट बोलता येत नाही असा. “ऑपरेशनला कमरेखाली भूल देतात ना, तशी दिलीय असं समजा. नुसती डावीकडं. पाय तुमचा नाहीच. घ्या आता हळूच.”

बद्रीनाथांनी पायाला भूल दिली आणि गाडी घेतली. गल्लीतून मोठ्या रस्त्याला, तिथून परत अंगणात. मग उतरून ते शेजारच्या जागेवर गेले आणि मालनबाई स्टिअरिंगवर आल्या.

या जागेवर पायाशी काहीच नव्हतं. एक रबरी चटई आणि तिच्यावर त्यांच्या दोन चपला. चौतीस वर्षांत शिकणाऱ्याच्या शेजारी ते असे पहिल्यांदाच बसत होते, रिकाम्या पायांनी.

लेण्यांच्या चढावर मालनबाईंनी गाडी थांबवली. ब्रेकवरचा पाय त्यांनी नेहमीसारखाच काढला, सुई काढल्यासारखा. गाडीनं चढ आपला आपण धरून ठेवला, ती जागची हलली नाही. रेस दिली आणि ती वर गेली. पुन्हा थांबवली, पुन्हा गेली. पाचव्या वेळी बद्रीनाथ ‘हां’ म्हणाले. एवढंच म्हणण्यासारखं होतं.

पण माणूस शिकवणारा होता. पाय गेला म्हणून तो थांबणार नव्हता. त्यांच्या ध्यानात आलं, की या बाईचा पहिला घात क्लचनं केलाच नव्हता. तो ‘टीं टीं’नं केला होता. उरलेले दिवस त्यांनी त्यावर लावले. चढावर गाडी थांबली की खिशातल्या मोबाईलवर गजर वाजवायचा. पहिल्या दिवशी मालनबाईंची मान दर वेळी वळली. दुसऱ्या दिवशी वळता-वळता थांबली. सखारामांना हे काम फार आवडलं. मोबाईलची बॅटरी संपली की मागून ते स्वतःच्या तोंडानं ‘टीं टीं’ करायचे, वेळी-अवेळी, सिग्नलला, एकदा तर बद्रीनाथांना जेवायला ठेवून घेतलं होतं तेव्हा. मालनबाईंनी भाकरीवरची नजर उचलली नाही, तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, ही आता पास. आता मी खरंच मेलो तरी बघायची नाय.”

सत्तावीसला सकाळी ट्रॅकच्या कठड्याबाहेर बद्रीनाथ उभे राहिले. सखारामांना झाडाखालच्या बाकावर बसवलं होतं. आत जाताना मालनबाईंनी मागं वळून बघितलं नाही. चढावर त्यांची गाडी थांबली. त्याच वेळी शेजारच्या ट्रॅकवर एका पोराची मोटार मागे आली आणि पेटी वाजली. बद्रीनाथांनी कठडा धरला. मालनबाईंची मान समोरच होती. गाडी आवाज न करता वर चढली आणि पलीकडे उतरून दिसेनाशी झाली.

“काय झालं?” बाकावरून सखारामांनी विचारलं. “कोणाची वाजली?”

“दुसऱ्याची.”

“मग?”

“गेली वर.”

सखारामांनी बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट घेतला, झाकण लावलं, परत उघडलं आणि आणखी एक घेतला. आज त्यांना कुणी अडवणार नव्हतं.

बद्रीनाथांनी बाजूला जाऊन सायलीला फोन लावला. सिस्टर पास झाल्याचं सांगितलं. मग म्हणाले, “ती विजेची गाडी सांगून टाक.” “‘बघू’ नाही ना?” सायली म्हणाली. मग त्यांनी विचारलं, “त्यात माझ्या बाजूला काय बसवून देतात?”

“एकच पेडल, पप्पा. ब्रेक.”

“बरं,” बद्रीनाथ म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला.

परत येताना मालनबाईच चालवत होत्या. बद्रीनाथ शेजारी, सखाराम मागे. प्रणयचा फोन येऊन गेला होता, बुद्धभूषणला निरोप गेला होता, सोमवारच्या डायलिसिसची वेळ ठरली होती. उड्डाणपुलाच्या चढावर गाड्यांची रांग तुंबली होती. मालनबाई रांगेत थांबल्या. पुढे सिटी बस होती, तिच्या इंजिनाची धडधड या गाडीच्या काचांपर्यंत येत होती. मग बस निघून पुढे सरकली आणि आत पुन्हा शांत झालं. इतकं शांत, की सखारामांचा श्वास ऐकू यावा.

मालनबाईंनी ब्रेकवरून पाय उचलला.

त्याच क्षणी चटईवर चप्पल घासल्याचा बारीक आवाज झाला. आधी दाबल्याचा, मग जरा वर येत असल्याचा, अगदी थेंब-थेंब. पेट्रोलच्या गाडीत तो कुणालाच ऐकू आला नसता. मालनबाईंनी तो ऐकला आणि समोरच बघत राहिल्या.

“हळू सोडा, मास्तर,” मागून सखाराम म्हणाले.

बद्रीनाथांनी पायाकडे बघितलं. तो सीटखाली मागे घेतला आणि तिथं दाबून धरला. गाडी चढाच्या अर्ध्यावर आली होती. मागच्या चटईवर, सखारामांच्या बाजूला, आणखी एक चप्पल हळूहळू वर उचलली जात होती.